मालवणचं अभयारण्य कागदावरून पाण्यात उतरवूया

मालवणच्या जेटीवर होडीत बसायचं आणि थोड्याच वेळात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दरवाजाशी उतरायचं, हे दरवर्षी हजारो पर्यटक करतात. एवढ्याशा अंतरात आपण एका अभयारण्याच्या गाभ्यात शिरलो, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसतं. १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातलं ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, बाकीचं बफर. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे, पद्मगड आहे आणि भोवतालची पाण्याखालची खडपं आहेत. म्हणजे कागदाप्रमाणे जिथे सगळ्यांत कडक संरक्षण हवं, नेमकं तिथेच शिवराजेश्वराचं देऊळ आहे, किल्ल्यातली नांदती घरं आहेत आणि दिवसभर होड्यांची ये-जा आहे. वाघाच्या जंगलाचा आराखडा उचलून समुद्रावर पसरला की असंच होणार.

चार दशकं होत आली. या काळात अभयारण्याची हद्द मालवणच्या मच्छीमाराला फक्त भीती म्हणून माहीत झाली. आज ना उद्या आपली मासेमारी बंद होणार, ही ती भीती. त्या भीतीपोटी मोर्चे निघाले, निवेदनं गेली, निवडणुकीत आश्वासनं मिळाली आणि अभयारण्य आहे तिथेच राहिलं, फायलीत. मच्छीमाराचा विरोध आहे म्हणून वनखात्याने हात आखडता घेतला आणि वनखातं विचारत नाही म्हणून मच्छीमाराने विरोध सोडला नाही. या ओढाताणीत नुकसान झालं ते समुद्राचं, पर्यायाने मच्छीमाराचंच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. मालवणचं अभयारण्य रद्द करणं हा उपाय नाही आणि बंदूकधारी पहारा बसवणं हाही नाही. त्याच्या कारभारात मच्छीमाराला निम्म्याहून अधिक वाटा देणं हा एकच उपाय उरला आहे, आणि तो मिळवण्यासाठी आता आपण सगळ्यांनी उठायला हवं.

वाचवायचं काय आहे ते आधी पाहू. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात इथे गाळ ओततात. पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखं निळंशार नसतं. तरीही या गढूळ पाण्यात, किल्ल्याभोवतीच्या खडपांवर, प्रवाळ जगतात. त्यातले पोरायटिस जातीचे गोलाकार प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतात. दोन्ही हात पसरल्याएवढा रुंद प्रवाळाचा गोळा तुमच्या आजोबांपेक्षा वयाने मोठा असू शकतो. पाऊस सरला की याच खडपांवर सारगॅसम शेवाळाची दाटी होते. त्या आडोशाला गोबऱ्याची, तांबोशाची पिल्लं वाढतात, कपारीत शेवंड दडते. पलीकडच्या पाण्यात गाद्यांचे, म्हणजे डॉल्फिनचे, कळप फिरतात. होय, तेच गादे, ज्यांना पाहून पर्यटक टाळ्या वाजवतात आणि जे मच्छीमाराची जाळी फाडून त्यातला मासा पळवतात. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीचं स्थान आहे.

आता नांगराकडे बघा. पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेणारी होडी खडपाजवळ येते, खलाशी लोखंडी नांगर सोडतो. नांगर प्रवाळात अडकतो, लाटेबरोबर होडी झोका घेते, दोरी ताणते, नांगर घासतो. परत निघताना तो उपटून काढावा लागतो. तासाभराच्या मुक्कामात चाळीस-पन्नास वर्षांची वाढ मोडून पडते. दुसऱ्या दिवशी तीच होडी, तेच खडप. वर कुणी बिस्किटांचा चुरा टाकून मासे गोळा करतो, फोटो चांगला येतो म्हणून. या होड्यांवर बोट ठेवताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या चालवणारी पोरं बाहेरची नाहीत. ती मच्छीमारांच्याच घरातली आहेत. जाळ्याला मासळी लागेना म्हणून त्यांनी पर्यटनाची वाट धरली. तेव्हा त्यांना गुन्हेगार ठरवणारा मसुदा टेबलावर आला, की तो तिथेच मरणार.

खडप वाचवायला लागतं ते असं: प्रत्येक ठिकाणी कायमचा दगड बुडवून त्याला बांधलेला तरंगता बोया. होडी बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. जगभर हेच करतात. खर्च मोठा नाही. पण बोया कुठे हवा, भरतीला कुठे सरकेल, पावसाळ्याआधी काढून कुणी ठेवायचा, हे होडीवाल्यांनाच ठाऊक असतं. कुठल्याही कार्यालयातून ते ठरवता येणार नाही.

मच्छीमाराला समुद्र राखायला शिकवावं लागेल, असा एक शहाणा सूर आपल्याकडे कायम असतो. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांनाच असं वाटू शकतं. पहाटे जाळं भरलेली पात किनाऱ्यावरून निघते. दोरीचं एक टोक वाळूत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात. पात समुद्रात अर्धगोल घेते, जाळं सोडत जाते, दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढू लागतात. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, गुडघाभर पाण्यात उतरतात, जाळ्याचा घेर आवळतो आणि शेवटी बांगडा-तारलीने खळाळणारा तो खोळ वाळूवर येतो. मग वाटे. जाळ्याचा वाटा, पातीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. सहज हात लावायला आलेलाही रिकाम्या हाताने परतत नाही. एका किनाऱ्यावर एकाहून अधिक रापणसंघ असतील तर कुणी कधी जाळं सोडायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. कोण चुकला, त्याला काय दंड, हेही आपसांतच ठरतं. सामाईक साधन कसं वाटून खायचं, याचा अभ्यास जगातले अर्थतज्ज्ञ करतात. इथला गाबीत मच्छीमार समाज तो रोज वाळूवर करत आला आहे.

समुद्राला विश्रांती देणंही त्याला परकं नाही. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, हा सरकारी नियम. त्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, हा रिवाज आहे.

म्हणजे रापण पवित्र आहे असं नाही. तिच्या खोळात मोठ्या मासळीबरोबर बोटभर पिल्लंही येतात, आणि बारीक डोळ्याची जाळी वापरणारे पारंपरिक मच्छीमार मालवणातही आहेत. काल पारंपरिक म्हणवणाऱ्यांतल्या काहींनी आज मिनी पर्ससीन जाळी घेतली, हेही सगळ्या गावाला माहीत आहे. पण हे दोष दूर करायला भांडायचं कुणी? ज्याच्या वाट्याला उद्या रिकामा खोळ येणार आहे त्यानेच. आणि त्याने भांडावं म्हणून त्याच्या हाती अधिकार हवा.

मच्छीमाराचं गाऱ्हाणं ऐकायचं तर ते पर्ससीनपासून सुरू होतं. अख्खा थवा घेरून खालून आवळणारं जाळं. एका फेरीत पारंपरिक होडीच्या हंगामाइतका बांगडा उचलला जातो. २०१६ मध्ये राज्याने आदेश काढून पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर असे चारच महिने दिले, परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांवरची मासेमारी बंद केली. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये कडक झाला. २०२५ मध्ये ड्रोनही आले. पण रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दिव्यांची झालर दिसते ती दिसतेच. परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर मच्छीमारांची कांडाळी जाळी तोडून निघून जातात. ड्रोनने पाहिलं, ठीक. पण पाहिलेलं पकडायला वेळेवर होडी पोचावी लागते. आणि ते दिवे सगळ्यांत आधी ज्याला दिसतात तो मच्छीमार फोन करतो, तेव्हा मत्स्यखातं म्हणतं हद्द वनखात्याची, वनखातं म्हणतं मासेमारी मत्स्यखात्याची.

ज्या अभयारण्यात पाच-सहा जणांच्या रोजच्या कांडाळीवर बंदीची तलवार टांगलेली आहे आणि वेशीवर मात्र दिव्यांची जत्रा भरते, त्याला मच्छीमार का जपेल? क्रम उलटा करा. अभयारण्य म्हणजे आधी पर्ससीन, एलईडी आणि ट्रॉलरपासून संरक्षण, असं पहिल्या हंगामात प्रत्यक्ष दाखवून द्या. मग गाभ्याबद्दल बोलायला तोच मच्छीमार स्वतःहून समोर बसेल.

हे स्वप्नरंजन नाही. फिलिपिन्समध्ये आपो नावाचं छोटंसं बेट आहे. सत्तरच्या दशकात तिथे सुरुंग लावून, विष टाकून मासे मारले जात. सिलिमन विद्यापीठाचे आंजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी तिथे गेले आणि लोकांशी बोलत राहिले, वर्षानुवर्षं. १९८२ मध्ये बेटावरच्या काही कुटुंबांनी आपल्या मासेमारीच्या क्षेत्राचा जेमतेम दहावा भाग निवडला, किनाऱ्याचा अर्ध्या किलोमीटरहूनही लहान तुकडा, आणि तिथे मासेमारी बंद केली. पहारा त्यांनीच दिला. काही वर्षांत त्या तुकड्यातले मासे वाढून बाहेर येऊ लागले, मासेमारी सुधारली, बघायला पाणबुडे आले आणि त्यांच्या शुल्कातून गावाला पैसा मिळाला. पुढची गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. १९९४ मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्राच्या कायद्याखाली गेलं, निर्णय बेटाबाहेरच्या मंडळाकडे सरकले, शुल्काचा पैसा सरकारी तिजोरीतून फिरून उशिरा परतू लागला आणि लोकांची उमेद खचली. पुढे २०११ आणि २०१२ च्या वादळांनी तिथला प्रवाळ उद्ध्वस्त केला तो भाग निराळा. पण लोकांनी स्वतः सोडलेला तुकडा टिकतो आणि हिसकावून घेतलेला निसटतो, हे तिथे एकाच बेटावर दोन्ही बाजूंनी दिसलं.

आपल्याकडेही दाखले आहेत. गुजरातेत वेरावळला २००४ पासून देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, वाचवण्याची मोहीम झाली. कथाकार मोरारी बापूंनी देवमुशीला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि जे खलाशी या प्रचंड माशाची शिकार करत, तेच जाळं कापून तिला सोडू लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते, हे कळल्यावर तर जास्तच. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये अशीच योजना आणली: संरक्षित जीव जाळ्यात अडकला, जाळं कापून सोडला, त्याचा फोटो किंवा चित्रफीत दाखवली, की २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. आणि वेळासचं तर प्रत्येक मराठी माणसाने ऐकलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवाच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, पुढे गावकऱ्यांनी ते आपलं मानलं, घराघरांत पाहुणे उतरू लागले. एके काळी अंडी खणून काढणारी माणसं कुंपण घालून घरटी राखू लागली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. पैशाबरोबर विश्वास आला, की कोकणी माणूस काय करतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग मालवणात अडलं कुठे? कायद्यात आधार नाही, असं म्हणता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६-क मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर नौदलाच्या मुख्य जलालेखकाशी सल्लामसलत करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज केल्यावरच हद्द ठरवायची. कायद्याने मच्छीमाराचं नाव घेतलं आहे. ही तजवीज कुठल्या कागदावर आहे, हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे.

याच कायद्याचं कलम ३३-ख अभयारण्यासाठी सल्लागार समिती सांगतं. तिच्यात मुख्यतः कोण? मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्रतिनिधी, मतदारसंघातले आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संरक्षणात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृहखात्याचा एक आणि पशुवैद्यकीय खात्याचा एक. समुद्रातल्या अभयारण्याला जनावरांचा डॉक्टर ठेवला आहे. होडी चालवणाऱ्या तांडेलाची खुर्ची नाही, मत्स्यखात्याची तर नाहीच. जंगल डोळ्यांसमोर ठेवून कायदा लिहिला की हे होतं. पण त्या तीन पंचायत प्रतिनिधींच्या, स्वयंसेवी संस्थांच्या दोघांच्या आणि तीन व्यक्तींच्या जागी मच्छीमार बसवायला कायदा कुठे आडवा येतो? देवबाग, तारकर्ली, वायरी, सर्जेकोट, कोळंब इथल्या रापणसंघांतून, मच्छीमार सोसायट्यांतून माणसं पाठवता येतात. मासळी बाजारात बसणाऱ्या बायकांतून एक-दोघी हव्याच. बाजारात आलेली मासळी दर वर्षी किती लहान होत चालली आहे, याचा हिशोब ठेवायला त्यांच्याइतकं जवळचं कुणी नाही.

दुसरी वाटही आहे. याच कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आहे. ते जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी लागते आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला जागा असते. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र याच तरतुदीने जाहीर केलं, मासेमारीवर सरसकट बंदी न घालता. मालवणच्या गाभ्याला अभयारण्य आणि भोवतीच्या बफराला संवर्धन राखीव क्षेत्र, अशी वाटणी करता येईल का, यावर वकील आणि अधिकाऱ्यांनी जरूर डोकं लढवावं. मला स्वतःला कलम कुठलं याची फार फिकीर नाही. समितीत बसतो कोण, आणि त्याचं मत मोजलं जातं की फक्त चहापुरतं ऐकलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे.

गाभा कुठे हवा, हेही त्यांनाच ठरवू द्या. आजचा गाभा किल्ल्याभोवती आहे, जिथे गर्दी सर्वांत जास्त. कदाचित गोबरा अंडी घालायला जिथे जमतो ते खडप दुसरीकडेच असेल. शास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून मोजावं, मच्छीमारांनी आपल्या आठवणीतून सांगावं, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवावेत. एक लहान तुकडा निवडावा, पाच वर्षं तिथे कुणीच काही टाकायचं नाही, ना कांडाळी, ना गळ, ना नांगर. पाच वर्षांनी पुन्हा बसावं. उपयोग दिसला नाही तर तुकडा बदलायची मुभा हवी. ही मुभा दिली तरच लोक पहिला तुकडा सोडतील.

पैसा आहे. किल्ल्याला जाणारा प्रत्येक माणूस, स्कूबा करणारा प्रत्येक माणूस काही ना काही मोजतोच. त्यातला ठरावीक हिस्सा मालवणातच राहणाऱ्या निधीत जावा. त्यातून बोये, गस्तीच्या होडीचं डिझेल, रखवालीला बसणाऱ्या पोरांचा पगार आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई व्हावी. जमा-खर्च दर तीन महिन्यांनी जेटीवर फलक लावून मराठीत जाहीर करावा. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गात चांगली कामं झाली, पण प्रकल्पाची मुदत असते. समुद्राला मुदत नसते, त्यामुळे त्याचा खर्चही गावच्या गल्ल्यातूनच निघायला हवा.

मुंबईत राहणाऱ्या मालवणकरांनो, गणपतीला आणि मे महिन्यात गावी जाता तेव्हा नुसतं सुरमईचा भाव वाढला म्हणून हळहळू नका. वाडीची बैठक लावा, आपल्या घरातले बी.एससी. झालेले, वकील झालेले, कलेक्टर कचेरीत ओळख असलेले सगळे कामाला लावा. पर्यटकांनो, होडीत पाय ठेवण्याआधी एकच विचारा: नांगर टाकणार की बोयाला बांधणार? गिऱ्हाईक विचारायला लागलं की धंदा बदलतो. प्रवाळावर उभं राहू नका, माशांना बिस्किटं घालू नका, आणि हॉटेलात अंडी धरलेली शेवंड ताटात आली तर ती परत पाठवा. स्कूबाच्या गाइडांनो, तुम्ही रोज पाण्याखाली असता. प्रवाळ कुठे पांढरा पडतोय याची माहिती तुमच्याइतकी कुठल्याही संस्थेकडे नाही. ती वहीत उतरवायला लागा. आणि मच्छीमार बंधूंनो, नुसता विरोध पुरे झाला. विरोधाने हद्द हलली नाही, ट्रॉलर थांबले नाहीत. आता वाटा मागा, आणि जो तुकडा तुम्ही राखणार तो तुम्हीच दाखवा.

पुढच्या ग्रामसभेला, मग ती १५ ऑगस्टची असो, २ ऑक्टोबरची किंवा २६ जानेवारीची, किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि मालवण नगरपरिषदेत एकच ठराव मांडूया. मसुदा असा: "मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीची फेरआखणी मच्छीमारांसोबत बसून करावी. स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी कायद्याने सांगितलेली तजवीज लेखी जाहीर करावी. सल्लागार समितीत मच्छीमार स्त्री-पुरुषांची संख्या निम्म्याहून अधिक असावी आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी मालवणातच व्हावी. अभयारण्यात आणि त्याच्या वेशीवर पर्ससीन, एलईडी व ट्रॉलर मासेमारी रोखण्यासाठी वनखातं व मत्स्यखातं यांनी संयुक्त गस्त येत्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावी. पर्यटन शुल्काचा ठरावीक हिस्सा स्थानिक निधीत जमा करावा. हे मान्य झाल्यास आम्ही, या गावचे मच्छीमार, आमच्या मासेमारी क्षेत्रातला एक तुकडा पाच वर्षांसाठी स्वतःहून बंद ठेवू आणि त्याचा पहारा देऊ."